‘माझ्या मागं’ म्हणजे कधी? बोलण्यातला आणि हातवाऱ्यातला काळ

ओसरी

गेल्या वैशाखात आजीकडे गेले होते, माण तालुक्यात. ओसरीवर बसून ती सुपात ज्वारी घोळत होती. मी बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं. तेव्हा ती तरणी होती, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिनं सूप मांडीवर टेकवलं, उजवा हात समोर लांबवला, पंजा उघडा, आणि म्हणाली, “त्यो काय, ह्यो हितं हाय डोळ्याम्होरं. लाल मिलोच्या भाकरी, घशाखाली उतरायच्या न्हाईत.” (मिलो म्हणजे त्या दुष्काळात मिळणारी परदेशी लाल ज्वारी.) हात तसाच समोर. मग थोड्या वेळानं विषय जमिनीवर आला. तेव्हा तोच हात कोपरात दुमडून खांद्यावरून मागे गेला आणि ती म्हणाली, “माझ्या मागं ह्या रानाचं काय करणार तुमी?”

त्या रात्री मला झोप लागेना. जे होऊन गेलं ते दाखवायला हात पुढे, आणि जे अजून व्हायचंय त्यासाठी मागे. शाळेत काळरेषा काढताना आपण उलटं शिकलो: भूतकाळ पाठीशी, भविष्य समोर. इंग्रजीत तेच, आणि आपणही दिवसभर ‘मागच्या आठवड्यात’, ‘पुढच्या महिन्यात’ असंच म्हणतो. मग आजीचा हात असा का गेला?

यावर वाचताना आयमारा भाषेशी गाठ पडली. बोलिव्हिया, पेरू आणि उत्तर चिली इथल्या अँडीजच्या पठारावर ती बोलली जाते. तिच्यात ‘नायरा’ म्हणजे डोळा. नायरा म्हणजे समोरची बाजू. आणि नायरा म्हणजेच होऊन गेलेला काळ. ‘नायरा मारा’ हे शब्दशः ‘समोरचं वर्ष’, पण अर्थ गेलेलं वर्ष. ‘खिपा’ म्हणजे पाठ, पाठीमागची बाजू, आणि तोच शब्द येणाऱ्या काळासाठी. नुसत्या शब्दांवर भरवसा ठेवायला नको म्हणून राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीटसर यांनी आयमारा लोकांचं बोलणं चित्रित करून हातवारे तपासले. त्यांचा लेख 2006 मध्ये आला. वयस्कर आयमारा माणसं जुन्या गोष्टी सांगताना हात पुढे करतात, जितकं जुनं तितका हात लांब. उद्या-परवाचं बोलताना अंगठा खांद्यावरून मागे. स्पॅनिश चांगलं येणारी तरुण मंडळी मात्र आपल्यासारखाच हात करतात.

मला पटलेलं कारण साधं आहे. जे घडलं ते पाहिलेलं असतं. पाहिलेलं म्हणजे डोळ्यांसमोरचं. न पाहिलेलं पाठीमागे, तिथे नजर पोचत नाही. आयमारात क्रियापद वापरतानाच ‘हे मी स्वतः पाहिलं’ की ‘ऐकीव आहे’ हे सांगावं लागतं. पाहण्याला एवढा मान देणाऱ्या भाषेत पाहिलेला काळ समोर असणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आणि आपण काय म्हणतो? जुनी आठवण ‘डोळ्यांसमोर उभी राहते’. पाठीशी कधीच नाही. माझं म्हणणं एवढंच की मराठीत काळाच्या दोन्ही दिशा नांदताहेत, आणि आपण त्यातली एकच शाळेत शिकवतो. तुमच्या घरातल्या, गावातल्या बोलण्यात काय दिसतं? हातांकडेही बघून सांगा.

पैलतीर

ओसरीताई, फार छान विषय. एक म्हण लगेच आठवली: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे ‘पुढचा’ कोण? जो आधी गेला तो. म्हणजे ‘पुढे’ हा आधीचा काळ आणि ‘मागे’ नंतरचा! आपण रोज म्हणतो, ‘सामान पाठवलंय, बिल मागाहून पाठवतो.’ मागाहून म्हणजे नंतर. पण ‘मागे एकदा आलो होतो’ यातलं मागे म्हणजे पूर्वी. शब्द एकच, काळ दोन.

हा गोंधळ वाटतो, पण नाही. ‘मागे एकदा’ म्हणताना मी मध्ये उभा असतो आणि माझी पाठ कुठे हे धरून बोलतो. ‘मागाहून’ म्हणताना माझा संबंध नसतो. दोन गोष्टी वारीतल्या दिंड्यांसारख्या ओळीनं चालल्या आहेत, पहिली पुढे, दुसरी तिच्या मागे. श्रावणापाठोपाठ भाद्रपद येतो तो श्रावणाची पाठ धरून, माझी नव्हे. भाषाभ्यासकही हे दोन प्रकार वेगळे धरतात: बोलणाऱ्यापासून मोजलेला काळ आणि घटनांची आपापसातली रांग. रांगेत ‘आधीचं ते पुढे’ हे इंग्रजीसकट पुष्कळ भाषांत सापडतं. आयमारा वेगळी ठरते ती बोलणारा स्वतः मध्ये असतानाही भूतकाळ समोर ठेवते म्हणून.

त्यामुळे आजींचं ‘माझ्या मागं’ मी रांगेतलं धरेन. त्या पुढे चालल्यात, तुम्ही मागून येताय. निधनाच्या बातमीत ‘त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे’ असतं, ते हेच.

ओसरी

पैलतीर, ‘मागाहून’ माझ्या लक्षातच आलं नव्हतं, इतका रोजचा शब्द. पण दुष्काळ दाखवताना समोर गेलेला हात रांगेत बसत नाही. तिथे आजी स्वतः मध्ये होती.

सांजवारा

याच पुढे-मागेपायी मी एक बैठक चुकवली आहे. परदेशी ग्राहकाकडून निरोप आला, बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’. मी मनात ‘पुढे ढकलली’ असं भाषांतर केलं आणि शुक्रवारची तयारी करत बसले. बैठक सोमवारी होऊन गेली. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सुनावलं ते अजून बोचतं, कारण चूक माझ्या इंग्रजीची नव्हती. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना हेच वाक्य दिलं तर काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. हा प्रश्न संशोधनात प्रसिद्ध आहे. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रामस्कार यांनी तो 2002 च्या लेखात विमानतळावर, आगगाडीत, जेवणाच्या रांगेत लोकांना विचारला. नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कुणाला तरी घ्यायला आलेल्या लोकांपेक्षा शुक्रवारकडे जास्त झुकले. आपण स्वतः काळातून चालतो असं धरलं तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे शुक्रवार. काळ आपल्याकडे चालत येतो असं धरलं तर सोमवार.

मराठीत ही अडचण येतच नाही. बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे शुक्रवार, यात दुमत नाही. सोमवार करायचा तर ‘अलीकडे घेतली’. आणि ‘मागे घेतली’ म्हटलं तर दिवस बदलत नाही, ती रद्दच होते.

पैलतीर

‘अलीकडे’ काय सुंदर शब्द आहे! मूळ अर्थ या बाजूला, या काठाला. लग्नाची तारीख अलीकडे आणतो तेव्हा ती नदीच्या आपल्या काठाकडे ओढतो. आणि ‘अलीकडे फार दमायला होतं’ म्हणताना नुकताच गेलेला काळही आपल्याच काठावर. त्यात पुढे नाही, मागे नाही, फक्त जवळ आणि दूर.

प्राचीदिशा

मी 30 वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. ‘अलीकडचा’ला संस्कृतात तंतोतंत जुळणारा शब्द आहे: अर्वाचीन. अर्वाच् म्हणजे इकडे वळलेला, या बाजूचा. नदीकाठाची कल्पना तिथेही आहेच.

आता त्याची जोडी पाहा. प्राचीन. प्राच् म्हणजे पुढे वळलेला, समोरचा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर येते ती प्राची, पूर्व दिशा. पूर्व म्हणजे समोरचा, पूर्वेचा आणि आधीचा, तिन्ही. तसंच उभं राहा: उजवा हात दक्षिण (दक्षिण म्हणजेच उजवा), आणि पाठीशी पश्चिम. पश्चात् म्हणजे पाठीमागे, आणि पश्चात् म्हणजे नंतर. अग्रज म्हणजे थोरला भाऊ, पुढे जन्मलेला. अनुज धाकटा, मागून आलेला. पुरातन, पुराण यांतला ‘पुरा’ म्हणजे पूर्वी, आणि ‘पुरः’ म्हणजे समोर. पुरोहित तो समोर ठेवलेला.

म्हणजे संस्कृत शब्दांपुरतं बोलायचं तर सकाळी अर्घ्य द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या समोर पूर्वज आणि पाठीशी पश्चात्. पैलतीर यांचं रांगेचं स्पष्टीकरण इथेही लागू पडतं हे मान्य आहे. पण दिशा आणि काळ एका शब्दात इतके घट्ट विणलेले पाहिले की वर्गात मी दर वर्षी दोन मिनिटं थांबायचे. मुलांना उठवून पूर्वेकडे तोंड करायला लावायचे, मग शब्द सांगायचे. कुणी विसरत नसे.

खडकवाट

धागा मन लावून वाचतोय. दोन ठिकाणी सावध राहायला हवं असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, भाषेवरून थेट लोकांच्या मनापर्यंत उडी. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही असं बेंजामिन व्होर्फ यांनी लिहिलं आणि ते पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. मग एकेहार्ट मालोत्की यांनी होपींमध्ये राहून 1983 मध्ये जाडजूड ग्रंथ काढला, काळाच्या शब्दांनी भरलेला. चिनीचंही तसंच. मँडरिनमध्ये गेला महिना ‘शांग’ म्हणजे वरचा आणि येणारा ‘श्या’ म्हणजे खालचा, हे खरं. त्यामुळे चिनी माणूस उभ्या रेषेत विचार करतो असा 2001 चा एक प्रयोग गाजला. पण इतरांनी तोच पुन्हा करून पाहिला तेव्हा 2007 मध्ये दोन वेगवेगळ्या लेखांत ‘निष्कर्ष मिळत नाही’ असं आलं. उभ्या रेषेचा वाद नंतरही चालू राहिला, पण एका प्रयोगावर इमला बांधू नये.

दुसरी गोष्ट आजींची. ओसरीताई, त्या खडी फोडायला कुठे जायच्या? ती जागा ओसरीच्या समोरच्या अंगाला असेल तर त्यांनी काळ दाखवला नाही, जागा दाखवली. आणि ‘माझ्या मागं’ म्हणताना त्यांच्या पाठीशी काय होतं?

ओसरी

खडकवाटदादा, प्रश्न अगदी नेमका आहे. आठवून पाहिलं. खडी फोडायचं काम पाझर तलावाच्या बांधावर होतं आणि बांध ओसरीच्या समोरच, ओढ्यापलीकडे दिसतो. रान घराच्या पाठीमागे आहे. म्हणजे दोन्ही हात जागेकडेही गेले असतील. मी हे आधी तपासायला हवं होतं. जूनच्या आत पुन्हा जाणार आहे, तेव्हा तिला दुसरीकडे तोंड करून बसवून विचारते.

उगवतीचं_घर

जागा आणि काळ वेगळे करणं काही ठिकाणी शक्यच नसतं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले युप्नो लोक भविष्य चढाच्या दिशेला दाखवतात आणि भूतकाळ उताराला, जिथे नदी समुद्राला मिळते तिकडे. तोंड कुठेही असो. माणूस वळून बसला की हातही फिरतो: चढ पाठीशी असेल तर ‘उद्या’ म्हणताना हात मागे जातो. 2012 मध्ये हा अभ्यास आला, त्यातही नुन्येझ होतेच. आपले पूर्वज समुद्राकडून येऊन डोंगर चढले अशी त्यांची धारणा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कवर पोर्मपुरॉ इथे कुक थायोर भाषा बोलतात. तिच्यात डावं-उजवं असं फारसं म्हणत नाहीत, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण. त्यांना माणूस म्हातारा होत जाण्याची, केळं खाऊन संपण्याची चित्रं लावायला दिली. त्यांनी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे मांडली. दक्षिणेकडे तोंड असेल तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे असेल तर उजवीकडून डावीकडे, आणि पूर्वेकडे असेल तर थेट स्वतःच्या अंगाकडे येणारी रांग. दिशा कुणी सांगितली नव्हती. आमच्या गावी अजून ‘उगवतीची खोली’, ‘मावळतीचं दार’ म्हणतात, म्हणून हा प्रयोग वाचताना अंगावर काटा आला.

मोसमकाठ

मी मालेगावचा, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर बी, अंकुर, रोप, झाड काढायचं तर मी उजवीकडून सुरुवात करतो आणि बाण डावीकडे जातात. मुलंही तसंच काढतात. मराठी माध्यमातल्या मित्राची वही पाहिली तेव्हा सगळं आरशातल्यासारखं वाटलं. 1991 च्या एका अभ्यासात लहान मुलांना न्याहारी, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांसाठी कागदावर चिकट्या लावायला सांगितल्या होत्या. इंग्रजी मुलांनी डावीकडून उजवीकडे, अरबी मुलांनी प्रामुख्यानं उजवीकडून डावीकडे, हिब्रू मुलं मधल्यामध्ये. बोलण्यात कुठल्याच भाषेत ‘डावीकडचा महिना’ नसतो. ते हाताला लिपीनं शिकवलेलं असतं.

चौकटीतली_तारीख

मोसमकाठसर, हे वाचून उठले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभी राहिले. 1973 पासून घराघरात असलेलं हे पान नीट पाहा. वार डाव्या कडेला एकाखाली एक, रविवार वरती. तारखा वरून खाली उतरतात आणि आठवडे उजवीकडे सरकतात. म्हणजे ‘उद्या’ खाली आणि ‘पुढचा रविवार’ उजवीकडे! मोबाइलवरच्या कॅलेंडरमध्ये उद्या उजवीकडे आणि पुढचा रविवार खाली. माझ्या सासूबाईंना मोबाइलवर तारीख पटकन का सापडत नाही ते आज कळलं. त्या बोट खाली नेतात आणि थेट आठवडाभर पुढे जातात. इतके दिवस मला वाटायचं नजर कमी झाली.

बांधावरून

शेतकरी माणूस, थोडंच लिहितो. आमच्याकडं वेळ आभाळात दाखवतात. ‘दिवस कासराभर वर आला तरी औत जुंपलं न्हाई’ असं वडील ओरडायचे. कासरा म्हणजे बैलाचा दोर. सांजच्याला हात लांब करून बोटं आडवी धरायची, सूर्य आणि टेकडी यांच्यात चार बोटं मावली तर अजून तासाभराचं काम होतं. उन्हं उतरली, दिवस कलला, हे सगळं जागेचंच बोलणं हाय. म्हातारपणाला पण उतारवय म्हणतो आपण. कधी येतोस विचारलं की वडील तोंडानं ‘एवढ्याला येतो’ म्हणायचे आन् हात आभाळात जिथं सूर्य असंल तिथं करायचे. हात बघितला न्हाई तर वेळ कळायचीच न्हाई.

उगवतीचं_घर

बांधावरून, तुमच्या वडिलांचं ‘एवढ्याला’ ब्राझीलमध्येही आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात रिओ नेग्रोच्या वरच्या भागात न्येंगातू भाषा बोलणारे बोलता बोलता हात सूर्याच्या जागेकडे करतात आणि तोच ‘सकाळी नऊ’ किंवा ‘दुपार’ असतो. सायमियन फ्लॉइड यांनी 2016 मध्ये तो हातवारा भाषेच्या व्याकरणाचाच भाग मानावा असं मांडलं. तुमच्या गावचे हातवारे कुणीतरी चित्रित करून ठेवायला हवेत. घड्याळं आल्यावर ते आधी जातात.

दूरचा_किनारा

ऑकलंडहून लिहिते. माओरी भाषेत ‘मुआ’ म्हणजे समोर, आणि ‘ङा रा ओ मुआ’, समोरचे दिवस, म्हणजे गेलेले दिवस. ‘मुरी’ म्हणजे मागे आणि नंतर. पाठमोरं चालत, नजर गेलेल्यांवर ठेवून भविष्यात जावं अशा अर्थाचं त्यांचं एक वचन शाळांतही सांगतात. माझ्या मुलीनं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिला ‘पूर्वज’ शब्द सांगितला. प्राचीदिशाबाई, तुमचा पूर्वेकडे तोंड करण्याचा पाठ आज संध्याकाळी तिला देणार आहे.

पैलतीर

खडकवाट यांच्या सावधगिरीला धरूनच एक सांगतो. ओसरीताईंचा समोर गेलेला हात समजायला मोरोक्कोचा अभ्यास उपयोगी पडेल. तिथल्या अरबीत भविष्य ‘पुढे’च असतं, आपल्यासारखं. पण 2014 मध्ये लोकांना एका माणसाचं वरून काढलेलं चित्र दिलं, समोर एक चौकट, पाठीशी एक, आणि विचारलं की कालचं कुठे ठेवाल, उद्याचं कुठे. बहुतेक मोरोक्कन लोकांनी कालचं समोर ठेवलं. स्पॅनिश लोकांनी उलटं. संशोधकांचं म्हणणं, ज्या काळाकडे आपलं लक्ष जास्त, तो समोर येतो. स्पेनमधल्याच वयस्कर लोकांनी तरुणांपेक्षा जास्त वेळा भूतकाळ समोर ठेवला. म्हणजे शब्द एक सांगतात, लक्ष दुसरं.

ओसरी

आठ दिवसांपूर्वी जाऊन आले. सांगायला उशीर झाला, माफ करा.

या वेळी तिला ओसरीवर नाही विचारलं. ती चुलीपुढे बसली होती, तोंड घराच्या मागच्या भिंतीकडे. म्हणजे बांध आता तिच्या पाठीशी आणि रान भिंतीपलीकडे समोर, बरोबर उलटं. पीठ मळत होती. मी पुन्हा बहात्तरचा विषय काढला, या वेळी मिलोचा, कामाच्या जागेचा नाही. सुकडीचं, म्हणजे दुष्काळात वाटायचे त्या कोरड्या खाऊचं, सांगताना तिनं पिठाचा हात उचलला आणि समोर, धुरानं काळ्या झालेल्या भिंतीकडे केला. “ह्या एवढ्या वाटीत द्यायचे,” म्हणाली, आणि वाटीचा आकार तिथेच, भिंतीपुढे हवेत केला. बांध पाठीशी होता, तिकडे ती वळलीसुद्धा नाही. एकदाच पाहिलंय, त्यामुळे खडकवाटदादा, मी यावरून काही सिद्ध झालं म्हणत नाही.

मग रानाचं विचारलं. “माझ्या मागं तुमीच बघायचं,” म्हणाली. पण हाताकडे पाहायचं तर दोन्ही हात परातीत होते, भाकरी थापत. हात हलला नाही. मी वाट पाहिली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मान खांद्यावरून वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पाठीमागे बसले होते.